मलपृष्ठावरच्या आठ ओळी

मराठी पुस्तकाच्या मलपृष्ठावर फोटोखाली लेखकाचा परिचय असतो. पदव्या, नोकरी, पुस्तकांची नावं, मग पुरस्कारांची रांग आणि शेवटी चार समित्यांचं सदस्यत्व. जणू नोकरीचा अर्जच. माझ्या मते या आठ ओळींचं काम वेगळं आहे. हातातलं पुस्तक असं का लिहिलं गेलं, याचा एखादा धागा त्यांतून मिळावा. बाकीचं खुशाल गाळावं. अण्णा भाऊ साठे यांचा परिचय बहुधा ते दीडच दिवस शाळेत गेले, इथपासून सुरू होतो. वाचक थक्क होतो आणि तिथेच अडकतो; अण्णा भाऊंनी मेहनतीनं कमावलेली कारागिरी त्या कौतुकाखाली झाकली जाते. त्याऐवजी सांगावं की १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारलं, कामगारांपुढे पोवाडे आणि वगनाट्यं सादर केली. मग १९५९ ची ‘फकिरा’ ही कादंबरी वाचताना तिच्या वेगात, प्रसंगांच्या चढत्या मांडणीत, समोरची गर्दी धरून ठेवणारा शाहीर ओळखू येतो.

यावर कुणी विचारील, मग बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं, हेही गाळायचं का? मुळीच नाही. कामं करता करता त्या ओव्या म्हणत आणि मुलगा सोपानदेव व इतर आप्त त्या उतरवून घेत. १९५१ साली त्या गेल्या. त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं ते १९५२ मध्ये. हे ठाऊक असलेला वाचक त्या कविता नुसत्या डोळ्यांखालून न घालता मोठ्यानं म्हणून बघतो. म्हणजे शाळेचा उल्लेख करावा की नाही, हे ज्याचं त्याचं पुस्तक ठरवतं. लेखकाच्या आयुष्याशी आपल्याला काय करायचंय, असाही एक आक्षेप असतो. तो मान्य करायचा तर पुरस्कारही गाळावे लागतील, कारण तेही आयुष्यच, फक्त हारतुऱ्यांचं. पण पुरस्कार आक्षेप घेणाऱ्यांना सहसा खटकत नाहीत! पुरस्कार गाळण्यात प्रकाशकाची अडचण मात्र खरी आहे. दुकानात अनोळखी लेखकाचं पुस्तक चाळणारं गिऱ्हाईक पुरस्कार बघतं, ग्रंथपालही बघतो. तेव्हा एखादा मोठा पुरस्कार शेवटच्या ओळीत असू द्यावा. पहिलंच पुस्तक असलेल्या लेखकाकडे तोही नसतो. त्यानं आपलं गाव, पोटापाण्याचा उद्योग आणि या विषयाशी संबंध कसा आला एवढं लिहावं, जन्मसाल न विसरता.