कायद्याची सी.ई.टी. आणि वाचनाची रीत
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. ते बॅरिस्टर होते. त्यांचा कोटातला फोटो बल्लारशाहपासून अहेरीपर्यंत आपल्या घराघरात आहे, पण काळा कोट घातलेलं पोर क्वचितच दिसतं. २००६ च्या कायद्याने वनहक्काचा दावा करता येतो, पण तो नीट मांडून देणारा माणूस शोधत हिंडावे लागते. म्हणून आज आम्ही कायद्याच्या प्रवेश परीक्षेवर बोलतो.

आमची पोरं हुशार आहेत, पण सगळा पेपर एकाच चालीने वाचतात. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सच्या सी.ई.टी.त २०२५ पासून १२० प्रश्न आणि १२० मिनिटे आहेत. प्रश्नाला सरळ मिनिट द्यायचं नाही. सामान्य ज्ञानाचे २४ प्रश्न दहा-दहा सेकंदांत उरकावेत. येत असेल तर येतं, नाही तर डोकं खाजवून काय उपयोग बाप्पा! ते वाचन वर्षभर पेपरातून व्हायला पाहिजे. तिथं वाचलेला वेळ कायद्याच्या ३२ प्रश्नांना द्यावा.

पोरं खरी अडतात ती इथेच. वर एक नियम असतो, खाली एक घटना. समजा नियम असा: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे म्हणजे अतिक्रमण. घटना: एक बाई आपलेच शेत समजून शेजाऱ्याच्या बांधाआत मोहफुले वेचायला गेली. आपलं पोर लगेच म्हणतं, बिचारीला माहीत नव्हतं, गुन्हा कसा? पण नियमात माहीत असण्याचा शब्दच नाही. उत्तर, अतिक्रमण झाले. तिथे नियम दोनदा सावकाश वाचावा, घटना एकदा, आणि आपला राग, आपली दया बाजूला ठेवावी. नियम अन्यायाचा असेल तर वकील झाल्यावर कोर्टात भांडा; पेपरात नाही.

तर्काच्या ३२ प्रश्नांत शब्द मोजून वाचावेत. ‘सर्व’, ‘काही’, ‘फक्त’. ‘काही कामगार कायम आहेत’ यावरून ‘काही कायम नाहीत’ असं निघत नाही. मिलमध्ये जन्म घालवलेल्या आम्हाला ते निघतंच असं वाटतं, पण पेपर आमचा अनुभव विचारत नाही.

इंग्रजीच्या २४ प्रश्नांत उतारा आला तर आधी त्याखालचे प्रश्न पाहा, मग उतारा. बाकी पेपर मराठीतही असतो. मराठी वाक्य अवघड वाटलं तर त्याचं इंग्रजी पाहावं, लाज नको. गणिताचे ८ तेवढेच. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचं तसं नाही. तिथं क्लॅट लागते. ती इंग्रजीतच, २०२० पासून सगळी उताऱ्यांवर, आणि चुकीला पाव गुण जातो. त्यासाठी रोज एक इंग्रजी अग्रलेख घड्याळ लावून वाचावा, आणि लेखकाचं म्हणणं आपल्या बोलीत एका वाक्यात आईला सांगावं. तिला कळलं तर तुम्हाला कळलं.

एक शेवटचं. सी.ई.टी. संगणकावर असते, ओळीखाली पेन्सिल फिरवता येत नाही. तेव्हा रविवारी वंदनेनंतर इथे सरावाला बसाल तेव्हा प्रश्नांवर खुणा करू नका. कोरा कागद वेगळा आणा. घड्याळ भिंतीवर आहे.