कृत्रिम दात आणि जिवंत हिरडी

(शाळेच्या पालक-सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी दंतवैद्य नाही. मराठी आणि भूगोल शिकवणारा शिक्षक आहे. तरीही आज दातांवर बोलतो आहे, कारण घरातच एक धडा मिळाला. माझ्या वडिलांची खालची दाढ पडली. बचतीतून पैसे काढून त्यांनी तिथे इम्प्लांट बसवून घेतले. पुढे त्या बाजूला ते ब्रश नीट फिरवीनात. मी विचारले तर म्हणाले, "धातूला कधी कीड लागते का?" वर्षभराने चूळ भरताना रक्त दिसू लागले. दुखत नव्हते, म्हणून त्यांनी कुणाला सांगितले नाही. एक्स-रे काढला तेव्हा स्क्रूभोवतीचे हाड झिजलेले आढळले.

वडिलांचे म्हणणे अर्धेच खरे होते. टायटॅनियमला कीड लागत नाही. पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड जिवंत असते. टायटॅनियमशी हाड घट्ट जुळते, हे स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी ओळखले. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. ते त्या रुग्णाला २००६ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ उपयोगी पडले. तेव्हा दोष धातूचा नव्हे.

मग फरक कुठे? नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात, झाडाची मुळे मातीत रुतावीत तसे. इम्प्लांटमध्ये ते रुतत नाहीत. मनगटाभोवती बाही बसावी तसे नुसते वेढून राहतात. शिवाय दात आणि हाड यांच्यामधल्या पडद्यातून हिरडीला जो रक्तपुरवठा होतो, तो इथे नसतो. म्हणून जंतूंना आत शिरणे सोपे आणि हिरडीचा प्रतिकार दुबळा.

त्याच १९६५ साली डेन्मार्कमध्ये एक साधा प्रयोग झाला. बारा निरोगी माणसांनी दात घासणे थांबवले. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा सफाई सुरू करताच त्या बऱ्या झाल्या. पुढे इम्प्लांट बसवलेल्या माणसांवरही असे प्रयोग झाले आणि तिथेही सफाई थांबताच हिरडी सुजली.

पालकहो, या दुखण्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागताच रक्त येते. या वेळी सफाई केली तर ती पूर्ववत होऊ शकते. दुसऱ्या पायरीवर हाड झिजू लागते. ते परत मिळवणे फार कठीण. म्हणून दुखण्याची वाट पाहू नका. रक्त हीच सूचना समजा.

करायचे काय? मऊ ब्रशने दोन वेळा, हिरडीच्या कडेशी हळुवार घासावे. फटीत जाणारा बारीक ब्रश वापरावा. तंबाखू, विडी-सिगारेट आणि मिश्री सोडावी. मधुमेह असल्यास साखर ताब्यात ठेवावी. ज्यांच्या हिरड्या आधीच रोगी आहेत त्यांनी प्रथम त्या बऱ्या करून मगच इम्प्लांटचा विचार करावा. इम्प्लांटभोवती घट्ट, न हलणारी हिरडी कमी असेल तर ब्रश टोचतो आणि माणूस घासणे टाळतो. अशा वेळी टाळूची थोडी त्वचा तिथे लावता येते. आणि डॉक्टर सांगतील त्या मुदतीत तपासणी चुकवू नये.

वडिलांचे इम्प्लांट अजून जागेवर आहे. गेलेले हाड मात्र आले नाही. आता ते रोज रात्री आरशापुढे उभे राहून तो बारीक ब्रश फिरवतात, आणि माझी मुले शेजारी उभी राहून पाहतात. दात विकत मिळतो, त्याची राखण विकत मिळत नाही. ती सवय मुलांना आजपासून लावा, एवढेच सांगून आपली रजा घेतो.