भिंतीवरचं बटण

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ज्येष्ठ नागरिकांच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)

गेली २५ वर्षे जिन्यात, लिफ्टमध्ये आणि पाण्याच्या मिटिंगांमध्ये भेटत आलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

सेक्रेटरींनी मला विषय दिला आहे, 'स्मार्ट घर, सोप्या भाषेत'. बँकेत ३६ वर्षे काढल्यामुळे 'सोप्या भाषेत' हे शब्द ऐकले की मला जरा धास्ती वाटते. फॉर्म सोपे करा, असं सर्क्युलर आलं की दोन पानांचा फॉर्म हमखास चार पानांचा व्हायचा! पण आज मी तक्रार करायला उभा नाही. माझ्याच घरात काय घडलं ते सांगतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी मुलांनी असे दिवे लावून दिले आहेत, म्हणून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रात्री दोन-तीनदा उठावं लागायचं. आपल्या सगळ्यांच्या फ्लॅटमध्ये बेडरूम ते बाथरूम असा तो अरुंद पॅसेज आहे, तुम्हाला माहीत आहेच. दिवाळीत मुलगा आला आणि त्याने पॅसेजमध्ये स्मार्ट बल्ब लावला, खाली हालचाल ओळखणारा सेन्सर चिकटवला. पाय टाकला की दिवा लागणार, दोन मिनिटांनी आपोआप विझणार. हॉलमध्ये आणि बेडरूममध्येही तसेच बल्ब. आठ दिवस आम्ही राजाराणी होतो.

नवव्या दिवशी कामवाल्या मावशींनी केर काढून झाल्यावर सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं. आता गंमत अशी आहे की, स्मार्ट बल्बला सतत वीज लागते. भिंतीवरचं बटण बंद झालं की तो ॲपच्या दृष्टीने मेला. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, बटणाला हातच लावायचा नाही." मग मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली. ही पट्टी लक्षात ठेवा.

पुढे पावसाळ्यात एका रात्री लाईट गेली आणि पहाटे तीनला आली. आणि घरातले सगळे दिवे भक्कन पेटले! वीज परत आली की पूर्ण प्रकाशात लागायचं, अशी बहुतेक बल्बांना मुळातच सूचना असते. मुलाने तिकडून बसून ती बदलली. आता वीज जाऊन आली की दिवा आधी जसा होता तसाच राहणार, म्हणजे विझलेला असेल तर विझलेलाच. ते मला पटलं. ही सूचनासुद्धा लक्षात ठेवा.

मग एके दिवशी ॲप अपडेट झालं. उघडल्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की, आता वापरणं आणखी सोपं. आधी यादी होती. कोणता दिवा चालू, कोणता सेन्सर केव्हा हलला, कोणाच्या सेलमध्ये किती जीव उरला आहे. मला ती यादी आवडायची, अगदी लेजरसारखी दिसायची. ती गेली. तिच्या जागी तीन चित्रं आली, सूर्य, चंद्र आणि घर. बाकीचं सगळं कुठेतरी आत, 'अधिक'च्या आत 'इतर', त्याच्या आत. नवख्या माणसाला गोंधळायला नको म्हणून! मी दोन दिवस शोधलं आणि सोडून दिलं. दिवा तर लागत होता.

सेन्सरमधला तो नाण्याएवढा सेल संपत आला होता. त्याची सूचना त्या आतल्या पानावर येऊन बसली होती. मला कळलं नाही. एका रात्री सौ. उठली, पॅसेजमध्ये आली, दिवा लागला नाही. ती बटण चाचपत पुढे गेली आणि पडली. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

हॉस्पिटलमध्ये ती एवढंच म्हणाली, "मला बटण सापडलं होतं हो. पण त्याच्यावर तुम्ही पट्टी लावली होती."

आणि नंतर माझ्या लक्षात आलं की, तिने पट्टी काढून बटण खाली-वर केलं असतं तरी दिवा लागला नसता. कारण 'आधी होता तसाच राहा' ही सूचना आम्हीच देऊन ठेवली होती. एकेक गोष्ट सोपी करत करत आम्ही त्या पॅसेजमधून दिवा लावायचा शेवटचा मार्गसुद्धा काढून टाकला होता.

त्या सहा आठवड्यांत स्वयंपाक मी केला आणि विचारही बराच केला. मला आमची शाखा आठवली. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. त्यानंतर बँकांमध्ये ए.एल.पी.एम. म्हणजे लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. आमच्याकडे एक जुने हेडक्लार्क होते. यंत्रावर पोस्टिंग झालं तरी ते संध्याकाळी व्हाउचरांचा गठ्ठा घेऊन हाताने बेरीज जुळवायचे. मी तेव्हा तरुण अधिकारी, मनातल्या मनात हसायचो. एकदा यंत्र बंद पडलं आणि दुसऱ्या दिवशी काउंटर उघडला तो त्यांच्या त्या कागदावर. त्यांना यंत्राचा राग नव्हता. आकडा आला कुठून, हे त्यांना दिसायला हवं होतं. माझ्या ॲपमधून नेमकं तेच काढून घेतलं होतं.

मग मी ठरवलं, आपणच काहीतरी सोपं करू. मुलाने मला होम असिस्टंट नावाची प्रणाली दाखवली. एका डच प्रोग्रॅमरने २०१३ मध्ये सुरू केलेली, फुकट, आणि घरातल्याच छोट्या कॉम्प्युटरवर चालणारी. तिच्यात पूर्वी सगळं एका फाइलमध्ये लिहावं लागे. तिथे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागासुद्धा मोजूनमापून सोडायची. एक स्पेस चुकली की फाइल चालत नाही. पुढे वर्षागणिक बरंचसं काम पडद्यावरच्या बटणांवर आलं. तेव्हा जुने जाणकार कुरकुरले की आमच्या हातातलं गेलं. आणि नवखे अजूनही म्हणतात की अवघड आहे. मला दोघांचंही पटतं.

मी पंधरा दिवस खपून सौ.साठी एक पडदा तयार केला. चारच मोठी बटणं, मराठीत : 'सकाळ', 'संध्याकाळ', 'झोप', 'पाहुणे'. अभिमानाने तिच्या हातात टॅब दिला. ती म्हणाली, "हे सगळं छान आहे. पण आज रात्री पॅसेजमधला दिवा लागेल की नाही, हे यात कुठे दिसतं?"

कुठेच दिसत नव्हतं. मीही तेच केलं होतं. तिला काय कळणार नाही हे मी ठरवलं आणि ते लपवलं. तिला काय हवं आहे हे विचारलंच नाही. बँकेत आयुष्यभर लोकांना 'इथे सही करा' म्हणत आल्याचा हा परिणाम असावा.

आता आमच्याकडे काय आहे ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर.

पॅसेजमध्ये परत साधा बल्ब आहे. बटणाच्या मागे बोर्डात एक छोटं रिले मॉड्यूल बसवलं आहे. सेन्सरने दिवा लागतो, आणि इंटरनेट बंद असलं तरी भिंतीवरच्या बटणानेही लागतो. हे बसवायला बहुधा बोर्डात न्यूट्रल वायर लागते. आपल्या बिल्डिंगमध्ये ज्या बोर्डावर प्लग आहे तिथे ती असतेच, कारण प्लगला न्यूट्रल लागते. नुसत्या बटणांच्या बोर्डात नसूही शकते. काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, स्वतः हात घालू नका. शिवाय प्लगमध्ये लावायचा, अंधार पडला की आपोआप लागणारा एक छोटा नाइट लॅम्प आहे. त्याला ना ॲप, ना अपडेट. मात्र लाईट गेली तर तोही जातो, म्हणून उशाशी टॉर्च.

नवीन बल्ब ॲपला जोडला जात नसेल तर आधी वायफाय बघा. बरेचसे बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि आपला फोन ५ वर असतो. मी यात एक अख्खा रविवार घालवला आहे, तुम्ही घालवू नका.

आणि टेलिफोनच्या ड्रॉवरमध्ये एक वही आहे. कोणता दिवा, कोणता सेन्सर, सेल कधी बदलला, पासवर्ड कोणाकडे आहे. सौ.च्या अक्षरात. टॅबवरच्या त्या चार बटणांच्या जागी आता तिने सांगितलेली एकच ओळ आहे : 'पॅसेज ठीक आहे' किंवा 'सेल बदला'.

जाता जाता कार्यकारिणीला एक विनंती. गेटवरचं ॲप आलं, मेंटेनन्सची बिलं ॲपवर आली, चांगलं आहे. पण इंटरकॉम काढू नका आणि जिन्याखालचा नोटिस बोर्डही राहू द्या. बी विंगमधल्या काकू ऐंशीच्या पुढे आहेत, एकट्या राहतात. कुरिअरवाला खाली उभा आहे हे त्यांना अजूनही इंटरकॉमवरच कळतं. ॲप चालवायला त्यांना आपण शिकवूच, पण त्यांना जमेपर्यंत ती तार कापू नका.

सौ. समोर बसली आहे. हात बरा आहे. रात्री झोपायला जाताना ती पॅसेजमधलं ते बटण एकदा लावून, बंद करून बघते. मी आता काही बोलत नाही.