संगणकाला सम कशी कळावी?

(मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या सप्रयोग भाषणाचे शब्दांकन)



आपल्या समूहगानाची निम्मी तालीम हल्ली मोबाईलवर होते. कुणाची रात्रपाळी, कुणाची दहावी, कुणी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून चाल संगणकावर स्वरलिपीत लिहायची, त्याची ऑडिओ फाईल करायची आणि घरोघरी धाडायची, अशी पद्धत पडली आहे. सोय झाली खरी, पण मुले त्या फाईलसारखीच गाऊ लागली आहेत! सूर बिनचूक, मात्रा बिनचूक आणि गाणे मात्र इस्त्री केल्यासारखे सपाट. आपल्या बऱ्याच मुलांची शाळा हिंदी किंवा इंग्रजी. मराठी शब्दाचे वजन त्यांना घरात आणि या गाण्यांतच भेटते. 'गणपती' म्हणताना जोर 'प'वर पडला तर तो गणांचा अधिपती राहत नाही, कुणाचा तरी पती होतो. (हशा) म्हणून आजचा विषय.

संगणकाच्या डोक्यात स्वर कसा असतो ते आधी पाहू. १९८३ साली वाद्ये आणि संगणक यांच्यात 'मिडी' नावाची भाषा ठरली. तीत स्वर म्हणजे काही आकडे: कोणता स्वर, आणि पट्टी किती वेगाने दाबली. या दुसऱ्या आकड्याला व्हेलॉसिटी म्हणतात. तो १ ते १२७ असतो. आपण काही सांगितले नाही तर सगळे स्वर साधारण एकाच आकड्यावर वाजतात. चार मात्रांचा विभाग आखला म्हणून पहिल्या मात्रेवर जोर आपोआप येईलच असे नाही.

सांगायचे कसे? पाश्चात्त्य स्वरलिपीत त्यासाठी इटालियन खुणा आहेत. पियानो म्हणजे हळू, फोर्टे म्हणजे मोठ्याने. पेटीएवढ्याच आपल्या ओळखीच्या त्या वाद्याचे नावही यातूनच आले. म्यूझस्कोअर हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत पियानोला ४९, मेझो पियानोला ६४, मेझो फोर्टेला ८० आणि फोर्टेला ९६ असे आकडे धरलेले होते. एकाच स्वरावर जोर हवा असेल तर त्याच्या डोक्यावर आडव्या बाणाच्या टोकासारखी ॲक्सेंटची खूण द्यायची. ठिपक्याची खूण वेगळी. तिने स्वर तुटक होतो, ठसठशीत नाही. नवशिके हमखास इथे गोंधळतात.

आता आपला केरवा घ्या. आठ मात्रा, पहिलीवर सम, पाचवीवर खाली. खालीला तबलजी डग्ग्याची घुमार काढून घेतो, म्हणून ती हलकी वाटते. संगणकाला हे कुठून कळणार? मी समेचा स्वर ९५ च्या आसपास ठेवतो, खालीचा ६५, बाकीचे ७५ ते ८०. बाकीचेही अगदी एकसारखे ठेवत नाही. दोन-तीन आकड्यांचा फरक कानाला माणसाचा वाटतो.

(येथे एकच ओळ आधी सपाट आणि मग समेसह वाजवून दाखवली.)

ऐकलेत? स्वर तेच, लयही तीच.

प्रत्येक स्वराचा आकडा बदलणे कंटाळवाणे आहे. त्यावर उपाय म्हणजे खूण द्यायची आणि मग ती अदृश्य करायची. कागदावर दिसत नाही, पण वाजते. मुलांच्या कागदावर खुणांची गर्दी नको असते, तेव्हा हे फार उपयोगी पडते. मात्र एक ध्यानात ठेवा: फोर्टेची खूण पुढची खूण येईपर्यंत चालू राहते. समेवर फोर्टे दिला की दुसऱ्या मात्रेवर मेझो फोर्टे द्यायलाच हवा, नाहीतर सगळी ओळ ओरडते.

दुसरे म्हणजे, हौसेने सगळे ११० वर नेऊ नका. १२७ चे छत आहे, मग जोर द्यायला उरतात अवघे १७. त्यापेक्षा ओळ ७५ ला बसवा आणि वर जागा राखा.

पेटीचे प्रकरण मात्र न्यारे. पट्टी कितीही जोरात आपटा, पेटीचा आवाज भात्यावर ठरतो. त्यामुळे ऑर्गन-पेटीच्या काही नमुन्यांना व्हेलॉसिटीचे काही वाटतच नाही. तिथे एक्स्प्रेशन नावाचे वेगळे नियंत्रण लागते, मिडीत त्याचा क्रमांक ११. ते स्वर चालू असतानाही कमी-जास्त करता येते, अगदी भात्यासारखे. पियानोचा स्वर एकदा वाजला की विरतच जातो. त्याच्यावर चढत्या आवाजाची खूण देऊन उपयोग नाही. बासरी किंवा व्हायोलिन निवडले तर तीच खूण सुरेख चालते. म्हणून गाण्याची ओळ मी हल्ली बासरीवर देतो.

एका काकूंनी मघाशी विचारले, "तबलजी आहेत ना, मग हा खटाटोप कशाला?" काकू, तबलजी आपल्याला मिळतात शेवटच्या दोन तालमींना. तोवर मुलांच्या कानात जे बसायचे ते बसून गेलेले असते.

नव्या फाईली आजच सर्वांना पाठवतो. घरी पहिले दोन दिवस मुलांना गायला लावू नका, फाईल ऐकत नुसती टाळी देऊ दे. टाळी समेवर पडू लागली की मग शब्द द्या.