बोलावणे आले, पण कोणत्या कागदावर?

(मंडळाच्या वर्षावास प्रवचनमालेत केलेले भाषण)



 या व्यासपीठावरून नेहमी विद्वान वक्ते बोलतात. आम्ही मशीनवर उभी राहणारी माणसे. बोलण्यात उणेअधिक झाल्यास सांभाळून घ्यावे. कामावरून कमी केलेल्या माणसाला त्याच मालकाचे बोलावणे आले तर त्याने जावे की न जावे, हा विषय मंडळानेच दिला आहे. गेल्या महिन्यात वस्तीतील दोन मुले हाच प्रश्न घेऊन विहारात आली होती.

२०२० सालच्या टाळेबंदीनंतर, जुलै महिन्यात, आम्ही नऊ जण ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलो. ऑफिसात एकेकाला बोलावले, हिशेबाचा चेक पुढे सरकवला आणि सही करायला सांगितले. "कामे आली की फोन करू," असे साहेब म्हणाले. बाहेर पाऊस पडत होता. गेटवर वॉचमनने सवयीप्रमाणे आमची झडती घेतली, त्या दिवशी ती फार लागली. पुढे कोणी भाजीची गाडी लावली, कोणी भाड्याची रिक्षा धरली, कोणी सोसायटीत रात्रपाळीचा रखवालदार झाला.

मार्च २०२१ मध्ये फोन आला. ऑर्डर आल्या आहेत, परत या.

त्या दिवसापासून आमच्यात दोन तट पडले. एकांचे म्हणणे, ज्याने संकटात दाराबाहेर काढले त्याच्या दारात पुन्हा उभे राहायचे नाही. दुसऱ्यांचे म्हणणे, स्वाभिमान चुलीवर शिजत नाही. आज विचार करता वाटते की दोन्ही बोलणी एकाच जखमेतून येत होती. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणखात्यात शिरू देत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा इतरांना विटाळ होई. चांगला पगार मात्र त्याच खात्यात. आमच्या वडिलांच्या पिढीने १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप पाहिला. त्यानंतर कित्येकांना गिरणीने परत घेतलेच नाही. अशा घरातला एक मुलगा नोकरीचे नाव काढताच गेटकडे धावतो आणि दुसरा तेच नाव ऐकून पेटून उठतो.

रविवारी वंदनेनंतर विहारातच बसलो. तासभर भांडण झाले. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका कोपऱ्यात ऐकत होते. ते म्हणाले, "बोलावलंय हे कळलं रे बाबांनो, पण कोणत्या कागदावर?" ते कोणीच विचारले नव्हते! आम्ही मानापमानावर भांडत होतो. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तेव्हा समजले की मशीन तेच, पाळी तीच, पण हजेरी ठेकेदाराकडे आणि पगार जवळजवळ निम्मा.

मग प्रत्येकाने घरून आपापले कागद आणले. सहा जणांकडे कपातीचे पत्र निघाले. तिघांनी मात्र चेक घेताना "स्वखुशीने राजीनामा देत आहे" अशा कागदावर सही केली होती आणि ते त्यांना ठाऊकही नव्हते. हा फरक फार मोठा आहे. त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम २५-एच प्रमाणे, मालक पुन्हा भरती करील तेव्हा कपात केलेल्या कामगारांना आधी संधी द्यावी लागे. राजीनामा देणाऱ्याला हा हक्क नाही. आणि हक्क होता तोही प्राधान्याचा. जुनी सर्व्हिस आणि जुना पगार आपोआप जोडून मिळत नाही. तो आता आताच मागून, लिहून घ्यावा लागतो.

येथे तरुणांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तो कायदा आता राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. तिच्यात हे प्राधान्य कपातीपासून एका वर्षाच्या आत होणाऱ्या भरतीपुरतेच आहे. म्हणून कपातीच्या पत्रावरची तारीख पाठ करून ठेवा. ले-ऑफ आणि कपात यांचीही गल्लत करू नका. ले-ऑफमध्ये तुमचे नाव हजेरीपटावर असते; तेथे बोलावणे आले तर तो तुमच्याच नोकरीचा पुढचा दिवस असतो.

भगवंतांनी दीघजाणू नावाच्या कोलियाला संसारी माणसाच्या हिताच्या गोष्टी सांगितल्या. त्यात कष्टाने मिळवणे ही पहिली आणि मिळवलेले राखणे ही दुसरी. आमच्या समजुतीप्रमाणे जुनी सर्व्हिस हे कामगाराचे मिळवलेले धन आहे. आमच्यातील एकाची आठ वर्षांची नोकरी होती. टाळेबंदीत त्याने फंडाबरोबर पेन्शनचीही रक्कम काढून घेतली. पेन्शनला दहा वर्षे लागतात. त्याची आठही वर्षे पुसली गेली. दाखला घेऊन ठेवला असता तर ती पुढच्या नोकरीत धरली गेली असती. पण घरात पीठ नसताना दाखल्याचे कोणाला सुचते?

अटी विचारणे म्हणजे कृतघ्नपणा, असे काही वडीलधाऱ्यांना वाटते. सिगालोवाद सुत्तात मालक आणि सेवक यांचे नाते दोन्ही बाजूंनी सांगितले आहे. सेवकाने काम चोख करावे. मालकाने ताकद पाहून काम द्यावे, अन्न-वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. तेव्हा विचारण्यात लाज कसली?

आम्ही सहा जणांनी मालकाला पत्र लिहिले आणि प्रत कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दिली. कपातीचे पत्र असलेल्या चौघांना ठेकेदाराविना, कंपनीच्या नेमणूक पत्रावर घेतले. जुनी सर्व्हिस मिळाली नाही. ग्रॅच्युइटीची पाच वर्षे पुन्हा पहिल्यापासून. राजीनाम्यावर सही केलेल्या दोघांना नकार आला. रिक्षावाला आणि रखवालदार झालेला, हे दोघे पत्रात नव्हतेच. रिक्षावाला आजही रिक्षाच चालवतो आणि पाळीच्या भोंग्यातून सुटलो म्हणतो.

राहिला नववा. त्याची सतरा वर्षांची नोकरी. पत्राची वाट न पाहता तो फोन आल्याच्या तिसऱ्याच दिवशी ठेकेदाराकडे हजर झाला. मुलीची बारावीची फी भरायची होती. आम्ही त्याला फुटीर म्हटले. बुद्धपौर्णिमेला तो वस्तीत दिसला तेव्हा आम्ही तोंड फिरवले. राजीनाम्यावर सही केलेला तिसरा माणूस तोच होता. त्याच्या हातात लढायला कागदच नव्हता. कागद तपासले त्या दिवशी ते आम्हाला दिसले होते, तरी आम्ही बोलणे धरले नाही. ही चूक आमची आहे आणि ती या विहारात कबूल करायची म्हणूनच हे भाषण स्वीकारले.

पुढे त्याच्या पत्नीनेच आमच्या घरी येऊन सांगितले, "भाऊ, पगारातून फंड कापतात, पण मोबाईलवर काहीच जमा दिसत नाही." मग आम्ही त्याच्यासोबत फंडाच्या कार्यालयात गेलो. तक्रार दिल्यावर सात महिन्यांची रक्कम ठेकेदाराला भरावी लागली. त्या कार्यालयाच्या बाकावर, जवळजवळ वर्षभराने, आम्ही एकमेकांशी बोललो. तो एवढेच म्हणाला, "चहा घ्यायचा का?"

ज्यांना बोलावणे आले आहे त्यांनी येत्या रविवारी वंदनेनंतर थांबावे. कपातीचे पत्र, शेवटची पगार पावती आणि फंडाचे पासबुक बरोबर आणावे. ज्यांनी न वाचता सही केली असेल त्यांनीही संकोच न करता यावे. तोही आमच्याबरोबर बसणार आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!