एका मुक्त प्रकल्पाची नवी बांधणी



संगणकाची आज्ञावली माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. यंत्राला ती भाषा कळत नाही. कंपायलर प्रत्येक फाइलीचे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि मग ते सारे तुकडे एकत्र जोडावे लागतात. फायली दहा-पाच असतील तर हे हाताने करता येईल. त्या हजारो असतील तर कोणती फाइल कशावर अवलंबून आहे आणि आधी काय व नंतर काय करावयाचे, याचा हिशेब राखणारी निराळी योजना लागते. तिलाच बांधणी-व्यवस्था म्हणतात. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहिलेली 'मेक' ही तिची सुप्रसिद्ध पूर्वज होय.

अशी व्यवस्था चालत्या कामात बदलणे किती अवघड असते, याचे केडीई हे बोलके उदाहरण आहे. १९९६ साली जर्मनीतील मात्थियास एट्रिख यांच्या आवाहनातून हा प्रकल्प जन्मास आला. युनिक्स जातीच्या संगणकाचा पडदा सामान्य माणसाला सुलभ व्हावा, या हेतूने देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी तो वाढविला. त्याची बांधणी 'ऑटोकॉन्फ', 'ऑटोमेक' आणि 'लिबटूल' या साधनांवर होत असे. साधने गुणी होती. परंतु त्यांवर वर्षानुवर्षे इतकी ठिगळे चढली की, आतले मर्म जाणणारे मोजकेच उरले. नवागताने दुसऱ्याच्या फाइलीची नक्कल करावी आणि ती चालली तर समाधान मानावे, अशी अवस्था झाली. जे सर्वांचे म्हणून उभारले, त्याची किल्ली मात्र मूठभरांच्या हाती! शिवाय केडीई ज्या क्यूटी संग्रहावर उभे आहे, तो २००५ साली विंडोजवरही मुक्त परवान्याखाली मिळू लागला. आणि जुन्या साधनांचा पिंड तर युनिक्सचा.

त्याच वर्षी स्पेनमधील मालागा येथील संमेलनात पायथॉनवर आधारलेल्या 'स्कॉन्स'ची निवड झाली. कित्येक महिने परिश्रम झाले. तथापि केडीईच्या विस्तारासाठी स्कॉन्समध्ये जे फेरफार करावे लागले, ते मूळ साधनात सामावले जाईनात. म्हणजे ते निराळे रूप आपणच कायमचे सांभाळावयाचे. किल्ली पुन्हा मूठभरांकडेच जाणार. २००६ च्या आरंभी ती वाट सोडण्यात आली. झालेले श्रम बाजूला ठेवण्यास धैर्य लागते, आणि स्वयंसेवकांच्या बाबतीत तर अधिकच. कारण त्यांना कोणी आज्ञा करू शकत नाही.

मग पुढे आले 'सीमेक'. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या अर्थसाहाय्याने चाललेल्या, वैद्यकीय प्रतिमांविषयीच्या एका प्रकल्पासाठी किटवेअर या संस्थेने ते घडविले होते. केडीईतील अलेक्झांडर नोयनडॉर्फ यांनी पुढाकार घेतला, आणि किटवेअरचे बिल हॉफमन साह्यास आले. उणीव दाखवावी आणि कर्त्यांनी ती मूळ साधनातच भरून काढावी, असा व्यवहार जुळला. जुन्या ऑटोमेक फायलींवरून सीमेकचा कच्चा मसुदा करून देणारी एक लहानशी आज्ञावलीही लिहिली गेली. मसुद्यावरील संस्कार मात्र माणसांनाच करावे लागले. मी व्यवसायाने अनुवादक असल्यामुळे हा अनुभव मला परका वाटत नाही. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर उभे राहते, पण चालू लागत नाही.

११ जानेवारी २००८ रोजी केडीईची चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली, ती सीमेकवर बांधलेली होती.

स्कॉन्स हीन आणि सीमेक श्रेष्ठ, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. ज्या साधनाचे कर्ते आपले ऐकतात आणि ज्याची रीत नवख्यालाही शिकता येते, तेच साधन सामायिक कार्याला मानवते. आज्ञावलीचा मजकूर सर्वांसाठी खुला असणे ही मुक्ततेची पहिली पायरी झाली. तो मजकूर कोणासही आपल्या घरी बांधता येणे, ही दुसरी. आणि तिच्यावाचून पहिली व्यर्थ होय.