रेंज आली, पुढे काय?

(राहुरी येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झालं. तीनच वर्षांनी, 1998 मध्ये, कोल्हापूरकडच्या वारणानगर परिसरातल्या सुमारे 70 गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प आला. आपल्यासारखाच तो उसाचा पट्टा. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सगळं तिथं मिळणार होतं. शेतकरी मात्र मुख्यतः एकच विचारायला यायचे: माझ्या उसाचं वजन किती भरलं, बिल किती निघालं? पुढे हीच माहिती साध्या मोबाईलवर एसएमएसने देण्याचा प्रयोग काही गावांत झाला आणि तो लोकांना सोयीचा वाटला.

इंजिनिअर म्हणून मला यात मोठा धडा दिसतो. माणसाला आपला हिशेब स्वतः पाहता आला, तरच त्या यंत्राचा त्याला उपयोग.

2016 नंतर डेटा स्वस्त झाला. आता शिष्यवृत्ती, महाडीबीटी, ई-पीक पाहणी, सगळं ऑनलाइन आहे. पण ज्याला ते जमत नाही, तो अजून कुणाच्या तरी काउंटरपुढे उभा असतो. पासवर्ड दुसऱ्याच्या वहीत, ओटीपीही त्यालाच सांगितलेला. अर्जात त्रुटी निघाली तरी आपल्याला कळत नाही आणि मुदत निघून जाते. एखाद्या मुलीचं वर्ष त्यात अडकतं.

घरातलंही बोलू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया सुमारे 38 टक्के, तर पुरुष सुमारे 61 टक्के होते. घरात चांगला फोन एकच असेल तर तो कुणाच्या खिशात असतो, हे सांगायला नको. निम्मं घर बाहेर ठेवून देश पुढे जाणार नाही, आणि समाजही नाही.

म्हणून एक विनंती. इथल्या दहा जणांनी दर रविवारी दोन तास द्यावेत. लोकांनी कागद आणावेत, आपण शेजारी बसावं, पण फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा. पासवर्ड त्यांनीच ठरवावा. अर्जाची स्थिती कुठं पाहायची, ते दाखवावं. सुरुवात आपल्या अम्मी आणि बहिणींपासून करू.

आणि किती अर्ज भरले, ते मोजू नका. दुसऱ्या वेळी किती जणांना आपली गरज पडली नाही, ते मोजा.